गारगोटीच्या काकांचं तेल

माझ्या आईच्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथं, एक काळपट पट्टा आहे. तो गजकर्णाचा नाही. गजकर्ण केव्हाच गेलं. तो पट्टा माझ्या वडिलांच्या चुलतभावानं दिला आणि तोही माझ्या हातून. त्यामुळं हे सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. मी दहावीत होते. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहायचो. वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. पावसाळ्यात आमच्या बोळात कपडे वाळायचे नाहीत. आई ओलसर परकर तसाच नेसून कामाला लागायची, कारण दुसरा दोरीवर त्याहून ओला असायचा. त्या वर्षी तिच्या कमरेला खाज सुटली. आधी एक लाल गोल उठला, मग त्याच्या शेजारी दुसरा. कडा फुगलेल्या आणि मध्ये फिकट. ती कुणाला काही बोलली नाही. भाकरी थापता थापता ती कंबर ओट्याच्या कडेला घासायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वडिलांचे हे चुलतभाऊ गारगोटीला राहायचे. आम्ही त्यांना गारगोटीचे काका म्हणायचो. वैद्यकी ते कुठं शिकले नव्हते. चंदगडकडून दालचिनीची पानं आणायची, तांब्याच्या भट्टीत उकळून वाफेबरोबर येणारं तेल धरायचं, त्यात लवंगेचं आणि ओव्याचं तेल मिसळायचं आणि बाटल्या भरून बाजारात बसायचं, हा त्यांचा धंदा. नायटा असो, गजकर्ण असो, पायाच्या बोटांतल्या चिखल्या असोत, औषध एकच. बोलणं मात्र असं की समोरचा माणूस दोन बाटल्या घेऊनच उठायचा.

वडिलांनी त्यांना बोलावलं. दिरासमोर कंबर उघडी टाकायची आईला लाज वाटत होती, म्हणून काका बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले, मधला पडदा ओढला आणि आत मी बाटली घेऊन आईजवळ. पडद्याबाहेरून हुकूम यायला लागले.

"कापूस चिंब भिजव. समदा पट्टा झाकला पायजे. वरनं प्लास्टिकची पिशवी कापून गुंडाळ नि फडक्यानं घट्ट बांध. वास उडून गेला की ताकद गेली, ध्येनात ठेव."

मी बांधलं. आई म्हणाली, गार वाटतंय. काका बाहेरून हसले. पण थोड्या वेळानं आईनं माझं मनगट धरलं.

"आग व्हाय लागलीया गं."

मी पडद्याबाहेर तोंड काढलं. "काका, आग होतीय म्हणतीया आई."

"हुणारच की! आग म्हंजे औषध लागू पडतंय. आत किडा मरतोय. दिवेलागणीपातूर सोडू नगंस."

आई घोंगड्यावर कुशीला वळली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. मी दोनदा गाठीला हात घातला. दोन्ही वेळा बाहेरून आवाज आला, "सोडलीस काय?" वडील म्हणाले, "त्याला कळतंय, तू मधी पडू नको." दिवे लागल्यावर मी फडकं सोडलं, तर कातडी फडक्याला चिकटून आली. आईच्या तोंडून आवाज निघाला नाही. फडक्याकडं बघून मीच ओरडले.

सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कंबर बघितली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"गरम पाणी सांडलं," आई म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. घरच्या माणसाचं नाव बाहेर जायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी जखम भरून आणली आणि मग बुरशीचं साधं मलम दिलं. परकर उन्हात कडक वाळवा, ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, आणि खाज थांबली तरी मलम थांबवू नका, असं सांगितलं. गजकर्ण गेलं. पट्टा राहिला.

इथवर मी कदाचित विसरले असते. अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण काही महिन्यांनी गारगोटीला भावकीत एक जावळ होतं. जेवणं झाल्यावर बायका पानसुपारीला बसल्या होत्या. कुणीतरी आईला विचारलं, "कमरंचं बरं हाय का आता?" आई मान हलवणार तोवर काका मधे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या औषधात खोट न्हाय हां. वहिनींचा आंघोळीचाच आळस. ओल्या परकरात बसायची खोड. मग औषध तरी काय करंल?"

बायका हसल्या. पुरुषही हसले. माझे वडील खाली मान घालून सुपारी चघळत राहिले.

ज्यांच्यासाठी आई डॉक्टरांपुढं खोटं बोलली होती, ते हे काका. त्यानंतर एका लग्नात आई पुऱ्या लाटायला बसली, तर एका जावेनं तिच्या हातातून लाटणं काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या, मी करती." आईनं पुढं कुणाच्या कार्याला जायचंच सोडलं. घरातून निघताना आम्ही म्हणायचो, चल की. ती म्हणायची, "गुडघं दुखत्यात." तिचे गुडघे ठणठणीत होते.

मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

बारावीनंतर मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. लोकांना सांगायची, आवड आहे. आवड नंतर लागली. आधी मला एवढंच हवं होतं, की त्या बाटलीत काही नाही हे मला काचेवर दाखवता यावं. एम.एस्सी.ला प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना म्हणाले, वनस्पतींची सुगंधी तेलं आणि कातडीवरची बुरशी. मॅडम खूश झाल्या. लवंग, ओवा, गवती चहा, निलगिरी अशी तेलं जमवली. त्यांच्या ओळीत एक बाटली गारगोटीची ठेवली. ती मी एका मैत्रिणीकरवी बाजारातून आणली होती.

दवाखान्यातून गजकर्णाच्या रुग्णांचे खरवडलेले नमुने आणले. ही बुरशी सावकाश वाढते. बशीत अन्नद्रव्य घालून पेरली की कितीतरी दिवसांनी पांढरा कापसासारखा थर येतो. मी पेरलेल्या बश्यांवर तेलात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या, काही बश्या बिनतेलाच्या तुलनेसाठी ठेवल्या आणि सगळ्या एकाच डब्यात बंद केल्या. डबा उघडला, तर एकाही बशीत बुरशी नव्हती. बिनतेलाच्यातही नव्हती. मला आनंदच झाला. म्हटलं, पेरणीच फसलीय. तेलाच्या नावावर काही जमा नाही.

मॅडमनी डब्यात नाक घातलं आणि लगेच मागं घेतलं. "अगं, सगळ्यांना एका खोलीत कोंडलंस. ही तेलं उडतात. नुसत्या वाफेनं शेजारची बशी मारलीय. वेगवेगळ्या ठेव."

वेगवेगळ्या ठेवल्या. बिनतेलाच्या बश्या पांढऱ्याशुभ्र भरून आल्या. आणि गारगोटीच्या तेलाभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ पडलं होतं. माझ्या सगळ्या बश्यांत तेच मोठं होतं. मी पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. तेल ज्यात विरघळवत होते तो द्रव एकटा लावून बघितला, म्हणजे श्रेय त्याचं निघालं तर बरं. त्यानं बुरशीचं काही बिघडलं नाही. मारत होतं ते तेलच.

मी त्या दिवशी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात बसून रडले. रागानं रडले. ग्रंथालयात बसून वाचलं, तर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तेच लिहिलेलं. लवंगेतलं आणि दालचिनीच्या पानातलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्राल, ही द्रव्यं बुरशीच्या पेशीचं आवरणच खिळखिळं करतात. काका खोटारडे असावेत एवढीच माझी मागणी होती. तीही शास्त्रानं पुरी केली नाही.

मॅडमना मी तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही पुढं ओढली. मग म्हणाल्या, "बशीला कातडी नसते. बशी ओरडत नाही. आता असं कर, तेल पातळ करत जा."

मी पातळ करत गेले. कितीतरी पातळ केलं तरी बुरशी वाढत नव्हती. म्हणजे बाटलीतला माल बशीतल्या बुरशीला मारायला लागतो त्याच्या कित्येक पटींनी कडक होता, आणि तो त्या माणसानं प्लास्टिकखाली कोंडून माझ्या आईच्या अंगावर ठेवायला लावला होता. माणसांवर नीट केलेल्या चाचण्या शोधल्या. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, लहान, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. म्हणजे बशीत पुरावा भरपूर आणि माणसावर तुटपुंजा. जे होतं तेच मी प्रबंधात लिहिलं. बश्यांचा निकाल लपवावा असं मनात आलं नाही असं नाही, पण मग काकांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला असता?

चूक वडिलांनी केली. पोरीचं कौतुक म्हणून त्यांनी भावकीतल्या एका लग्नात काकांना सांगितलं, "तुझं तेल पोरीनं कॉलेजात तपासलं. बुरशी मरतीया म्हणं." झालं! वर्षाच्या आत बाटलीवर नवीन लेबल आलं: 'कोल्हापूर येथील प्रयोगशाळेत शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध'. ज्या कामावर मी माझा सगळा राग ओतला होता, ते काम त्यांनी आपल्या बाटलीला चिकटवलं. मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं ती बाटली मला आणून दाखवली. "मॅडम, हे चांगलं असतंय ना?"

मी घरी येऊन ते तेल स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं लावलं, प्लास्टिक गुंडाळलं आणि बांधलं. आधी गार वाटलं आणि मग बधिर. युजेनॉलचा तो गुणच आहे, दातांचे डॉक्टर त्यासाठीच लवंगेचं तेल वापरतात. मी चहा केला, प्यायले, कप धुऊन ठेवला. मग आग सुटली. मी पट्टी सोडून हात साबणानं धुतला. लाल चट्टा कितीतरी दिवस राहिला. आईनं विचारलं, तर मी म्हणाले, "गरम पाणी सांडलं." ती माझ्या हाताकडं बघत राहिली.

संधी काकांनीच दिली. कोल्हापुरात एका हॉलमध्ये घरगुती आणि आयुर्वेदिक मालाचं प्रदर्शन होतं. त्यांनी तिथं स्टॉल घेतला होता आणि दुपारी व्याख्यानही ठेवलं होतं. त्यांचा फोन आला. "पोरी, दोन शब्द बोल की माझ्या तेलाबद्दल. तुझंबी नाव हुईल."

"येते की काका," मी म्हणाले.

वडील माझ्याबरोबर आले. आई आली नाही.

हॉल चांगला भरला होता. काकांनी पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल असा थाट केला होता. त्यांनी माझी ओळख करून दिली, "ही माझी पुतणी. शास्त्रज्ञ हाय." मी माईक घेतला.

"काकांच्या तेलानं काचेच्या बशीतली बुरशी मरते. मी स्वतः बघितलंय. खरं आहे."

टाळ्या पडल्या. काकांनी हात जोडले.

"पण बशी वेगळी आणि माणूस वेगळा. काका, हे तेल थेट अंगाला लावलं तर काही होत नाही ना?"

"हज्जारो लोकांना लावलंय! लहान पोरांना लावलंय."

"मग आत्ता लावून दाखवा की. लोकांची खात्री पटेल."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सावरला. पण पुढच्या रांगेतून एक पैलवानगडी ओरडला, "लावा की पावणं! आमीबी बगतो!" हॉल हसला. काकांनी बाह्या वर केल्या. भीती वाटण्याचं कारण त्यांना नव्हतंच. स्वतःचं तेल त्यांनी स्वतःच्या नाजूक कातडीवर कधी कोंडून ठेवलंच नव्हतं.

मी पर्समधून कापूस काढला, प्लास्टिकची पिशवी काढली, दोन फडकी काढली आणि खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली. लोकांना म्हणाले, "शास्त्रात तुलनेला दुसरी बाजू लागते. उजव्या हाताला काकांचं तेल, डाव्या हाताला साधं खोबरेल. दोन्हीकडं सारखी पट्टी." आणि मी दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला पट्ट्या बांधल्या. गाठी घट्ट मारल्या.

"गार वाटतंय," काका माईकवर म्हणाले. "थंडगार!"

मग त्यांनी व्याख्यान सुरू केलं. भट्टी, चंदगडचं जंगल, आजोबांकडून आलेली विद्या. मी शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्या कपाळाकडं बघत होते. घाम आला. वाक्यं तुटायला लागली. डावा हात दोनदा उजव्या कोपराकडं गेला आणि मागं आला. ते आवरतं घ्यायला लागले की मी प्रश्न विचारायची. पानं कुठल्या महिन्यात तोडता? वाफ किती वेळ धरता? लोकांपुढं पट्टी सोडायची त्यांना सोय नव्हती.

"काका, आग होतीय का?"

"न्हाय... जरा... न्हाय."

"होऊ दे. आग म्हणजे औषध लागू पडतंय. आठवतंय का, तुम्हीच सांगितलेलं. आमच्या घरात, पडद्याच्या बाहेर बसून."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा त्यांना कळलं. सगळं कळलं. त्यांनी फडकं ओरबाडून काढलं. कोपराचा आतला भाग तांबडालाल झाला होता आणि मधोमध कातडी फुगली होती. मी डावी पट्टी सोडली. तिथं नुसता तेलकटपणा होता. मी त्यांचे दोन्ही हात धरून लोकांना दाखवले आणि माईकवर सांगितलं, की माझ्या आईला हेच तेल बांधून दिवसभर निजवलं होतं, तिच्या कमरेला अजून डाग आहे, आणि तिलाच घाणेरडी ठरवून चारचौघांत तिचं हसं केलं होतं. प्रयोगशाळेनं सिद्ध केलंय ते बशीपुरतं. या लेबलाशी माझा संबंध नाही.

पैलवानगडी या वेळी हसला नाही. एक बाई उठून स्टॉलवर गेली आणि घेतलेली बाटली परत ठेवून आली. काका पाण्याच्या नळाकडं पळाले.

मला वाईट वाटलं का, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही वाटलं. रिक्षात बसल्यावर मला कडकडून भूक लागली होती.

वडील वाटेत म्हणाले, "असं करायला नको होतंस. रक्ताचं नातं हाय."

"आईशी कसलं होतं?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मी उचलला. त्या रडत, शिव्या देत सांगत होत्या, हात सुजलाय, फोड आलेत, तुला देव बघून घेईल. आईनं पीठ लागलेले हात पुसले. "दे हिकडं. मी बोलती." तिनं रिसीव्हर कानाला लावला, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आंघोळीचा आळस करत असतील भावजी. वल्या सदऱ्यात बसू नगा म्हणावं." आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात भावकीत एक साखरपुडा होता. आई नवी साडी नेसून गेली, थेट स्वयंपाकात शिरली आणि लाटणं घेऊन बसली. कुणी काढून घेतलं नाही.

तेलाचा धंदा काही बुडला नाही. धंदे एवढ्यानं बुडत नाहीत. पण लेबलवरची ती ओळ गेली, कोल्हापुरात माल खपेना झाला, आणि काही वर्षांनी एक दिवस काका स्वतः आमच्या दारात आले. वयानं वाकले होते. पूर्ण बाहीचा सदरा होता. आईनं बसा म्हटलं आणि चहा टाकला.

"झालं गेलं सोड, पोरी," ते म्हणाले. "तू शिकलीयास. खोबरेलात किती थेंब घालायचं तेवढं सांग. भाजणार न्हाय आणि गजकर्णबी जाईल, असं परमाण सांग. तसं करून विकतो."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बशीत काढलंस की परमाण!"

"ते बशीचं आहे. माणसाच्या कातडीत तेल किती मुरतं, किती उडून जातं, कुणाला सोसतं नि कुणाला नाही, हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली माणसांवर तपासावं लागतं. तेवढं काम अजून झालेलं नाही. ज्याला गजकर्ण आहे त्याला दवाखान्यात पाठवा. मलम मिळतं."

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. पण त्यांचा विश्वास बसला नाही. मला आकडा माहीत आहे आणि मी तो मुद्दाम दाबून ठेवलाय, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर त्यांचा तो गैरसमज मी काढू शकले असते. मी ती वाक्यं बोलले नाही. त्यांना तसंच वाटू दिलं. घरी जाताना, भट्टीपुढं बसताना, निजताना त्यांना तेच वाटत राहावं, अशी माझी इच्छा होती.

ते उठले. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. ते बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत आई दारात उभी राहून बघत होती. मग आत येऊन तिनं तो कप माझ्यापुढं सरकवला, आणि मी प्यायले.